आधी मोज, मग मांड, शेवटी ताळा कर

पोरी, अकरावीला सायन्स घेतलंस. आता रसायनशास्त्राच्या वहीत ठिपके, फुल्या, रेघा, चौकोनी कंस आणि वाकडे बाण यांची गर्दी सुरू होईल. जन्मभर मुलांना हेच शिकवलं, त्यामुळे एक गोष्ट छातीठोकपणे सांगते. ज्याला संयुजा इलेक्ट्रॉन मोजता येतात आणि कागदावर नीट मांडता येतात, त्याचं निम्मं पाठांतर वाचतं. कोणतं मूलद्रव्य कोणाशी जुळेल, किती बंध होतील, रेणूचा आकार कसा असेल, अभिक्रिया कुठून सुरू होईल, यातलं बरंचसं बाहेरच्या कवचातल्या त्या मोजक्या इलेक्ट्रॉनांवर ठरतं.

आमच्या सरांनी आम्हाला तीन गोष्टी घोकून घेतल्या होत्या : मोज, मांड, ताळा कर. क्रम महत्त्वाचा. बहुतेक मुलं न मोजताच मांडायला घेतात आणि ताळा तर करतच नाहीत. माझ्याकडून ऐकायचं ते याच तिन्हींभोवती आहे. त्याचे नियम एकेक करून सांगते.

पहिला : पेन उचलण्याआधी गण बघ

संयुजा इलेक्ट्रॉन म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन. ते मोजायला दर वेळी सगळं संरूपण लिहायची गरज नाही. आवर्तसारणीत मूलद्रव्याचा गण बघ. पहिल्या गणात एक, दुसऱ्या गणात दोन. तेरा ते अठरा या गणांसाठी गणाच्या आकड्यातून दहा वजा कर. कार्बन चौदाव्या गणात, म्हणून चार. नायट्रोजन पंधराव्यात, म्हणून पाच. ऑक्सिजन सहा, फ्लोरिन आणि क्लोरिन सात, निऑन आठ. अपवाद एकच : हेलिअम. तो बसतो अठराव्या गणात, पण त्याच्याकडे इलेक्ट्रॉनच दोन आहेत.

तीन ते बारा या मधल्या गणांना हा नियम लावू नकोस. लोह, तांबं, मँगनीज यांच्या बाबतीत आतल्या कवचातले इलेक्ट्रॉनही बंधात भाग घेतात, म्हणून त्यांच्याभोवती ठिपके काढून फारसा उपयोग होत नाही. तिथे ऑक्सिडीकरण अंक वापरायचा असतो.

संरूपण लिहायचंच असेल तर पोटॅशिअमपाशी जरा थांब. सोडिअम २, ८, १ हे सगळ्यांना जमतं. पोटॅशिअमला मात्र बरीच मुलं २, ८, ९ लिहितात, कारण तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात हे त्यांनी नुकतंच वाचलेलं असतं. मावतात हे खरं, पण तिसऱ्यात आठ झाले की पुढचा इलेक्ट्रॉन आधी चौथ्या कवचात जातो, कारण तिथली जागा ऊर्जेच्या दृष्टीने खालची पडते. म्हणून पोटॅशिअम २, ८, ८, १ आणि कॅल्शिअम २, ८, ८, २. पोटॅशिअम सोडिअमसारखाच का वागतो, याचं उत्तर त्या शेवटच्या एकात आहे.

दुसरा : चार बाजू, आधी एकेक, मग जोडी

वर्तुळांची कवचाकृती शिकण्यासाठी चांगली, पण प्रत्येक रेणूसाठी इतकी वर्तुळं काढत बसलीस तर पेपर संपणार नाही. म्हणून इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना. मधे मूलद्रव्याचं चिन्ह लिहायचं. केंद्रक आणि आतली सगळी कवचं त्या चिन्हातच आली असं धरायचं. बाहेर फक्त संयुजा इलेक्ट्रॉनांचे ठिपके.

चिन्हाला चार बाजू आहेत असं समज. पहिले चार ठिपके चार बाजूंना एकेक ठेव. पाचव्यापासून जोड्या लाव. कार्बनचे चार ठिपके चार बाजूंना सुटे. नायट्रोजनची एक जोडी आणि तीन सुटे. ऑक्सिजनच्या दोन जोड्या, दोन सुटे. फ्लोरिनच्या तीन जोड्या, एक सुटा. आता नीट बघ, सुटे ठिपके किती आहेत? चार, तीन, दोन, एक. मिथेनमध्ये कार्बन चार हायड्रोजन घेतो, अमोनियात नायट्रोजन तीन, पाण्यात ऑक्सिजन दोन, हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फ्लोरिन एक. ठिपके नीट बसवलेस तर संयुजा वेगळी पाठ करावी लागणार नाही.

सुटा ठिपका वर काढलास की डावीकडे, याने काही फरक पडत नाही. ठिपका एका अणूचा आणि फुली दुसऱ्याची, ही खूणही आपल्या सोयीसाठी. बंध झाल्यावर कोणता इलेक्ट्रॉन कोणाचा हे निसर्गात ओळखता येत नाही. आणि ठिपके ठसठशीत काढ. पेपर तपासताना मी भिंगातून बघत नसे, कोणीच बघत नाही.

तिसरा : जोडीचा मान ओळख

ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या गिल्बर्ट न्यूटन लुइस यांनी १९०२ सालीच आपल्या टिपणांत घनाकृती अणू काढून बघितले होते. घनाला आठ कोपरे, प्रत्येक कोपऱ्यावर एक इलेक्ट्रॉन. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत असताना १९१६ मध्ये त्यांनी अणू आणि रेणूवरचा आपला प्रसिद्ध लेख छापला आणि त्यात ठाम सांगितलं की रासायनिक बंध म्हणजे दोन अणूंनी मिळून वापरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. इलेक्ट्रॉन फिरतात कसे हे सांगणारी पुंजयांत्रिकी तेव्हा जन्मायची होती. अर्विंग लँगम्यूर यांनी १९१९ पासून हा विचार जगभर पोचवला. 'सहसंयुज' या कल्पनेचं इंग्रजी नाव त्यांनीच रूढ केलं.

घन मागे पडला, जोडी टिकली. म्हणून दोन अणूंमधली रेघ दिसली की मनात लगेच म्हण, दोन इलेक्ट्रॉन. दोन रेघा, चार. तीन रेघा, सहा. ही सवय लागली की कोणतीही संरचना समोर आली तरी तिच्यातले इलेक्ट्रॉन तुला मोजता येतील.

चौथा : देऊन टाकलेले आणि वाटून घेतलेले वेगळे दाखव

मिठात सोडिअम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकतो. त्यामुळे सोडिअमच्या चिन्हाभोवती आता एकही ठिपका ठेवायचा नाही, फक्त वर अधिक चिन्ह. क्लोरिनभोवती आठ ठिपके, त्याला चौकोनी कंस, आणि कंसाच्या बाहेर वरच्या बाजूला वजा चिन्ह. दोघांच्या मधे रेघ काढायची नाही. रेघ काढलीस तर 'जोडी वाटून घेतली' असा अर्थ होतो, आणि तो चूक आहे. कॅल्शिअम क्लोराइड असेल तर दोन क्लोराइड दोन वेगळ्या कंसांत दाखव, कारण ते दोन वेगळे आयन आहेत.

आणखी एक लक्षात ठेव. मिठाच्या स्फटिकात एक सोडिअम आणि एक क्लोराइड अशी सुटी जोडगोळी कुठेच नसते. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. आपलं चित्र फक्त देवघेव दाखवतं, स्फटिकाची रचना दाखवत नाही.

पाचवा : रेणूचा एकूण आकडा आधी कोपऱ्यात लिही

हा सगळ्यांत उपयोगाचा. रेणू मिळाला की चित्र काढायच्या आधी समासात एकूण संयुजा इलेक्ट्रॉन लिही. ऋण आयन असेल तर जितका प्रभार तितके मिळव, धन आयन असेल तर तितके वजा कर. घरातली जमाखर्चाची वही जशी पैशापैशाला जुळावी लागते, तसा हा आकडा शेवटी जुळलाच पाहिजे.

नायट्रेट आयन घेऊ. तुझ्या वहीत मी शेजारी बसून काढून देते आहे असं समज. नायट्रोजनचे ५. तीन ऑक्सिजनचे ६ गुणिले ३, म्हणजे १८. एक ऋण प्रभार, म्हणून १ अधिक. एकूण २४. समासात २४ लिही आणि त्याभोवती गोल कर.

आता सांगाडा. हायड्रोजन कधीही मधे येत नाही, कारण त्याला एकच बंध करता येतो. उरलेल्यांत ज्याची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद, कमी तो बहुधा मधे. इथे नायट्रोजन मधे, तीन ऑक्सिजन भोवती. तिघांना एकेक रेघ, म्हणजे ६ इलेक्ट्रॉन खर्च झाले. उरले १८. ते टोकांच्या ऑक्सिजनांना वाट, प्रत्येकी ६ ठिपके. अठराच्या अठरा संपले. प्रत्येक ऑक्सिजनभोवती आठ झाले, म्हणजे त्याचं अष्टक झालं. आता मधल्या नायट्रोजनकडे बघ. त्याच्याभोवती तीनच रेघा, म्हणजे सहा. दोन कमी. शिल्लक तर काही नाही. मग एका ऑक्सिजनवरची ठिपक्यांची एक जोडी उचल आणि तिची नायट्रोजनकडे दुसरी रेघ कर. ऑक्सिजनचे आठ तसेच राहिले, नायट्रोजनचेही आठ झाले. सगळ्याला चौकोनी कंस घाल आणि बाहेर वजा चिन्ह दे.

आता मोजून बघ. चार रेघांचे ८. दुहेरी बंधातल्या ऑक्सिजनवर ४ ठिपके, बाकी दोघांवर ६ आणि ६. ठिपके १६. सोळा आणि आठ चोवीस. समासातल्या आकड्याशी जुळलं.

बंध किती होतील हे आधीच कळावं असं वाटत असेल तर एक जवळचा रस्ता आहे. प्रत्येक अणूला आठ, हायड्रोजनला दोन, अशी गरज मोज. नायट्रेटला ३२. हातात २४. फरक ८, त्याचे निम्मे ४. म्हणजे चार रेघा. कार्बन डायऑक्साइडला गरज २४, हातात १६, म्हणून चार रेघा, दोन्हीकडे दुहेरी बंध. हवेतल्या नायट्रोजनला गरज १६, हातात १०, म्हणून तीन रेघा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, तरी पिकाला युरिया घालावा लागतो, त्याचं कारण या तीन रेघा. तो तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात अमोनिया करताना लोहाचा उत्प्रेरक, प्रचंड दाब आणि चारशे अंशांच्या पुढचं तापमान लागतं, ते या बंधाला वाकवण्यासाठीच.

सहावा : ताळा केल्याशिवाय पान उलटू नकोस

आकडा जुळला हा पहिला ताळा. दुसरा ताळा औपचारिक प्रभाराचा. प्रत्येक अणूसाठी सुटा असतानाचे संयुजा इलेक्ट्रॉन घे, त्यातून त्याच्यावरचे ठिपके वजा कर, मग त्याला लागलेल्या रेघा वजा कर. नायट्रेटच्या नायट्रोजनला पाच वजा चार, म्हणजे अधिक एक. एकेरी बंधाच्या ऑक्सिजनला सहा वजा सहा वजा एक, म्हणजे वजा एक, आणि असे दोन. दुहेरीवाल्याला सहा वजा चार वजा दोन, शून्य. सगळ्यांची बेरीज वजा एक, आयनावरच्या प्रभाराइतकीच. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी ठिपका चुकला आहे, शोध.

दोन-तीन संरचना शक्य असतील तर ज्यात हे प्रभार शून्याच्या जवळ आणि ऋण प्रभार जास्त विद्युतऋण अणूवर, ती सहसा बरी. 'सहसा' हा शब्द मुद्दाम वापरते आहे. कार्बन मोनॉक्साइड काढून बघ. दहा इलेक्ट्रॉन, तिहेरी बंध, दोन्ही टोकांना एकेक जोडी. ताळा केलास तर कार्बनवर वजा एक आणि ऑक्सिजनवर अधिक एक येतो, अपेक्षेच्या अगदी उलट. पण प्रत्यक्ष मोजमापातही या रेणूचं किंचित ऋण टोक कार्बनकडेच निघतं. ठिपक्यांनी दिलेली खूण इथे खरी ठरली.

सातवा : बंधात नसलेल्या जोड्या काढायला कंटाळू नकोस

पाण्याच्या रेणूत दोन रेघा काढून मुलं मोकळी होतात. ऑक्सिजनवरच्या दोन एकाकी जोड्या राहून जातात, आणि पाण्याचा निम्मा स्वभाव त्यांच्यात आहे. मिथेनमध्ये चार जोड्या, चारही बंधात, कोन १०९.५ अंश. अमोनियात एक जोडी एकाकी, कोन सुमारे १०७. पाण्यात दोन एकाकी, कोन १०४.५. एकाकी जोडी केंद्रकाजवळ जास्त जागा घेते आणि बंधांना दाबते, म्हणून कोन आवळत जातो. कागदावर तू पाणी सरळ रेषेत लिहिलंस तरी ठिपक्यांच्या हिशेबाने ते चूक नाही. आकार मात्र जोड्या मोजून मनात वाकवायचा.

देणारी जोडीही हीच. अमोनिया बोरॉन ट्रायफ्लोराइडला आपली एकाकी जोडी देऊन बंध करतो, पाणी हायड्रोजन आयनाला जोडी देऊन हायड्रोनिअम होतं. जोडी वहीतच नसेल तर ती कोणाला दिली हे तुला दिसणार कसं?

आठवा : अष्टक कुठे पाळायचं ते ठरलेलं आहे

कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांच्याभोवती आठाच्या वर कधीही जाऊ नकोस. पाच रेघांचा कार्बन दिसला की लाल पेन आपोआप उठतं. आठाच्या खाली मात्र काही जण राहतात. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन, म्हणून तर तो अमोनियाची जोडी स्वीकारतो. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण ११, विषम आकडा, एक इलेक्ट्रॉन सुटाच राहणार. तिसऱ्या आवर्तापासून पुढे मोठे अणू आठाहून जास्त सांभाळतात : फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये दहा, सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये बारा.

राजवायू कोणाशीच जुळत नाहीत, असं एके काळी पुस्तकांत पक्कं लिहिलेलं असे. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये झेनॉनचं संयुग तयार केलं आणि ते वाक्य बदलावं लागलं. झेनॉन टेट्राफ्लोराइड काढून बघ. एकूण ३६. टोकांच्या फ्लोरिनांची अष्टकं आधी पूर्ण कर आणि उरलेले चार मधल्या झेनॉनवर दोन जोड्या करून ठेव. मोजण्याची रीत तीच, तिच्यात काहीही बदलावं लागत नाही.

नववा : चित्राला त्याच्या आवाक्यातलंच विचार

ओझोनमध्ये १८ इलेक्ट्रॉन. काढलास तर एका बाजूला दुहेरी बंध आणि दुसऱ्या बाजूला एकेरी येतो. प्रत्यक्षात दोन्ही बंधांची लांबी सारखीच, सुमारे १२८ पिकोमीटर, म्हणजे ऑक्सिजन रेणूतल्या दुहेरी बंधाहून लांब आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या एकेरी बंधाहून आखूड. अशा वेळी दोन्ही संरचना काढ आणि मधे दोन टोकांचा एकच बाण दे. रेणू या चित्रातून त्या चित्रात उड्या मारत नसतो. तो कायम एकाच स्थितीत असतो, फक्त एका चित्रात मावत नाही. वर काढलेल्या नायट्रेटची अशी तीन चित्रं होतात. ती आजच काढ.

आणि ऑक्सिजन. बारा इलेक्ट्रॉन, दुहेरी बंध, सगळे ठिपके जोडीत, अष्टक पूर्ण, सगळे ताळे बरोबर. तरी द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो. जेम्स ड्यूअर यांनी हे १८९१ मध्येच दाखवलं होतं. याचा अर्थ त्यात दोन इलेक्ट्रॉन सुटे आहेत, आणि आपलं चित्र ते दाखवू शकत नाही. ते समजायला रेण्वीय कक्षकांचा सिद्धांत लागतो. तुला तो पुढे शिकायचा आहे. म्हणून ठिपके टाकाऊ ठरत नाहीत. किती बंध, कुठे एकाकी जोडी, कुठे प्रभार, हे ठिपक्यांना विचार. चुंबकत्व, रंग, ऊर्जेच्या पातळ्या त्यांना विचारू नकोस.

दहावा : बाण इलेक्ट्रॉनपासून सुरू होतो

सेंद्रिय रसायनात वाकडे बाण येतील. रॉबर्ट रॉबिन्सन यांनी ते १९२२ पासून वापरायला घेतले. बाणाचं शेपूट कायम इलेक्ट्रॉनांवर ठेव, म्हणजे एकाकी जोडीवर किंवा बंधाच्या रेघेवर. टोक इलेक्ट्रॉन जिथे जातात तिथे. पूर्ण टोकाचा बाण जोडी हलवतो, अर्ध्या टोकाचा एकच इलेक्ट्रॉन. धन प्रभारापासून बाण सुरू केलास तर जिथे इलेक्ट्रॉन कमी आहेत तिथूनच ते काढलेस असं होतं. नागमोडी रेघांच्या सांगाड्यात प्रत्येक कोपऱ्यावर आणि टोकावर कार्बन असतो, आणि त्याच्या चार रेघा पूर्ण होतील इतके न लिहिलेले हायड्रोजन. सुरुवातीचे काही दिवस पेन्सिलीने ते सगळे लिहून काढ. मग न लिहिताही दिसू लागतील.

आता सरावाचं सांगते. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वाचून हे येत नाही, हाताने काढावं लागतं. आधी पाणी, अमोनिया, मिथेन, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन. ते न अडखळता आले की अमोनिअम, हायड्रॉक्साइड, कार्बोनेट, नायट्रेट, सल्फेट हे आयन. मग ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, बोरॉन ट्रायफ्लोराइड, सल्फर हेक्झाफ्लोराइड. प्रत्येकाशेजारी समासात एकूण आकडा, आणि खाली ताळा. ताळा चुकला तर खोडू नकोस, शेजारी पुन्हा काढ, म्हणजे कुठला ठिपका हरवला होता ते कळेल. त्यात कार्बोनेट आणि नायट्रेट लागोपाठ काढ आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेव. मधला अणू वेगळा, प्रभार वेगळा, पण इलेक्ट्रॉन दोघांचे २४, आणि मांडणी हुबेहूब एकच. असं का, ते मला विचारायला येऊ नकोस. मोजलंस की तुझं तुलाच कळेल.